माथ्यावर रान असतं, पॉइंट नसतो

दाट झाडी असलेल्या डोंगरावरून उतरून आलेला माणूस खाली चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास बोलतो : "वर काहीच नाही हो, नुसती झाडं आहेत." हे वाक्य मला आता सहन होत नाही. तीन तास जंगलातून चढून गेलेल्या माणसाला जंगल हे 'काहीच नाही' वाटतं, एवढीच माझी तक्रार नाही. हे वाक्य टपरीवर थांबत नाही, ही खरी तक्रार आहे. ते पुढे फोनवरच्या परीक्षणात जातं, मग 'पर्यटन विकासा'च्या निवेदनात जातं, आणि शेवटी त्याचा रस्ता होतो, रेलिंग होतं, रोपवे होतो. रानात दृश्य कसं शोधायचं हे ज्यांना ठाऊक नसतं, ते दृश्य बांधून मागतात. ही मागणी चुकीची आहे आणि बहुतेक वेळा अनावश्यकही, कारण दृश्य आधीपासून तिथेच असतं. आपण ते चुकीच्या जागी, म्हणजे सर्वोच्च बिंदूवर, शोधत असतो.

यात नाशिककरांचा विशेष दोष आहे असं म्हणणार नाही, पण आमची नजर लाडावलेली आहे हे खरं. आमच्या जिल्ह्यातले डोंगर बहुतेक बोडके. साल्हेर १५६७ मीटर, कळसूबाई १६४६ मीटर. शिखरावर पोचलं की चारी दिशा मोकळ्या. कळसूबाईवर उभं राहून अलंग-मदन-कुलंग शोधायला कसलीही अक्कल लागत नाही, ते समोरच असतात. धोडप, हरिहर, मार्कंड्या, कुठेही जा, उंची गाठली की दृश्य मिळतंच. त्यामुळे डोक्यात एक समीकरण पक्कं बसतं : जितकं उंच, तितकं जास्त दिसणार. मग हाच माणूस संगमनेर-मंचरमार्गे भीमाशंकरला जातो, किंवा सुट्टी काढून वासोट्याला जातो, आणि झाडांच्या छताखाली घामाघूम होऊन विचारतो, "व्ह्यू कुठाय?"

याचं उत्तर सह्याद्रीच्या घडणीत आहे. हे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचे आहेत. काही थर कठीण, काही भुसभुशीत. कठीण थर उभा तुटतो, त्याचा कडा होतो. मऊ थर झिजतो, त्याचा उतार आणि सपाटी होते. म्हणून आपला डोंगर शंकूसारखा नसतो, जिन्यासारखा असतो. सपाटीवर आणि उतारावर माती साठते, तिथे झाड धरतं. ट्रेकर ज्याला 'पदरातलं जंगल' म्हणतात ते हेच. कड्यावर माती टिकत नाही. कड्याच्या अगदी काठावर मातीचा थर पातळ होतो, वारा झोडपतो, झाडं खुजी होतात आणि मग संपतात. म्हणजे अशा डोंगरात उघडीप हवी असेल तर ती पायरीच्या काठावर मिळणार. पायरीच्या मधोमध उभं राहून खालचा मजला दिसत नाही म्हणून कुणी घराला नावं ठेवत नाही.

पुरावा म्हणून माथेरान घ्या. नावातच सगळं सांगितलंय : माथ्यावरचं रान. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये तिथे चढून गेला आणि पुढे इंग्रजांनी त्या जागेचं थंड हवेचं ठिकाण केलं. आज तिथले पॉइंट मोजताना अडतीसचा आकडा सांगतात : पनोरमा, लुईझा, अलेक्झांडर, गार्बट, वन ट्री हिल. माथेरानचा नकाशा समोर घेऊन हे पॉइंट त्यावर टिंबांनी दाखवा. टिंबं जोडली की पठाराचा काठ तयार होतो. मध्ये सगळं रान. दीडशेहून अधिक वर्षं लोक तिथे दृश्य बघायला जात आहेत आणि त्यासाठी मधलं रान कापावं लागलेलं नाही. सावलीतून चालायचं आणि काठावर बाहेर यायचं, एवढीच तिथली रीत आहे.

महाबळेश्वर तर आणखी स्पष्ट बोलतं. तिथलं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे विल्सन पॉइंट, १४३८ मीटर. तिथे दृश्यासाठी वेगळे बुरूजवजा चौथरे बांधलेले आहेत. आणि लोक घरी येऊन वर्णन कशाचं करतात? आर्थर सीटचं. ते विल्सनपेक्षा शंभरेक मीटर खाली आहे, पण सावित्रीच्या खोऱ्यावर तुटलेल्या काठावर आहे. हरिश्चंद्रगडाचंही तेच. तारामती हे गडाचं सर्वोच्च शिखर. पण लोक रात्री-अपरात्री खिरेश्वर किंवा पाचनईहून चढतात ते कोकणकड्यासाठी. वासोट्याला मेट इंदवलीपासून वर जाईपर्यंत कोयनेचं जंगल तुम्हाला काहीही दाखवत नाही, आणि मग बाबूकडा एकदम सगळं दाखवतो. भीमाशंकरची नागफणी उंच आहे खरी, पण तिथून दिसतं ते तिचा एक अंग सरळ कोकणात कोसळतो म्हणून. उंची ही दृश्याची हमी नव्हे. तुटणं ही हमी आहे.

आता माझ्या धंद्याबद्दल बोलतो, कारण या गैरसमजात त्याचाही हात आहे. फोनवर एखादं ॲप उघडलं की ते सांगतं, या बिंदूवरून अमुक शिखरं दिसतील. पीकफाइंडरसारखी ॲप तर क्षितिजाची रेघ काढून प्रत्येक सुळक्यावर नाव लिहून देतात. बोडक्या डोंगरावर हे फार उपयोगाचं आहे. जंगलात मात्र ते झाडाच्या खोडावर कळसूबाईचं नाव लिहून दाखवतं. कारण साधं आहे. ही गणितं उंचीच्या आकड्यांवर चालतात, आणि त्या आकड्यांना झाड हा प्रकार ठाऊक नसतो. जगभर वापरली जाणारी अशी एक मोठी आकडेवारी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून अकरा दिवसांत रडारने मोजली गेली. दाट झाडीत रडारची लहर पूर्णपणे जमिनीपर्यंत पोचत नाही. मिळणारी उंची जमीन आणि शेंडा यांच्यामध्ये कुठेतरी असते. शिवाय साधारण तीस मीटरच्या चौकोनाला एकच आकडा. त्या चौकोनात पाच मीटरची एखादी फट असेल, जिच्यातून खरोखर खोरं दिसतं, तर ती आकड्यांत नाहीच. म्हणजे यंत्र नसलेलं दृश्य दाखवतं आणि असलेलं दृश्य लपवतं. वर, दाट छताखाली आणि कड्याजवळ जीपीएसचा बिंदू कित्येक मीटर इकडेतिकडे सरकतो. धुक्यात त्या बिंदूवर विसंबून काठाकडे चालणं म्हणजे जीव गमावण्याची तयारी. आकडेमोड करून पोट भरणारा मी हे सांगतोय : रानात आकडेमोड घरी बसून करायची, वर गेल्यावर डोळे आणि कान वापरायचे.

घरी करायची आकडेमोड अशी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे २०१७ मध्ये त्यांच्या 'नक्शे' पोर्टलवर विनामूल्य मिळू लागले. त्यात समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा. लांब झाल्या की सपाटी. ज्या जागी सपाटी संपून रेषा एकदम चिकटतात, त्या जागेवर पेन्सिलीने खूण करा. सह्याद्रीच्या मुख्य धारेवर असाल तर आधी पश्चिमेची बाजू बघा, कारण तिथे डोंगर कोकणात तुटतो आणि पूर्वेला हळूहळू उतरतो. नाशिककडच्या रांगा, त्र्यंबक-अंजनेरीची, सातमाळ्याची, सेलबारी-डोलबारीची, या फुटून आडव्या गेलेल्या आहेत. तिथे उत्तर-दक्षिण दोन्ही अंगांना कडे मिळतात. मग नावं वाचा. कडा, टोक, नाक, खिंड, नेढं, माची : ही नावं देणाऱ्या माणसांनी आपलं अर्धं काम करून ठेवलंय. ज्यांना गनिमावर नजर ठेवायची होती त्यांनी माच्या आणि बुरूज कुठे बांधले तेही बघा. त्यांनाही झाडं आडवी येत होतीच.

दुसरं, ऋतू. हे जंगल कोणतं आहे याची चौकशी न करता लोक तारीख ठरवतात. अंजनेरी-त्र्यंबकच्या बाजूचं रान पानगळीचं. पळस, काटेसावर फुलायला लागते त्या दिवसांत तिथली फांदी न फांदी रिकामी होते आणि श्रावणात भिंत वाटलेली झाडी जाळी होऊन जाते. भीमाशंकर-महाबळेश्वरचं रान सदाहरित-निमसदाहरित. अंजनी, जांभूळ, हिरडा. ते कधीच रिकामं होत नाही, तिथे काठाला पर्याय नाही. आणि हवा. पाऊस नुकताच ओसरलेला असतो तेव्हा, आश्विनात, धूळ बसलेली असते आणि दूरचं स्वच्छ दिसतं. थंडीत सकाळी खोऱ्यात धूसर थर साचतो. भर पावसात धुक्यात वर जाऊन 'काही दिसलं नाही' म्हणणं हे सिनेमागृहात डोळे मिटून बसण्यासारखं आहे.

वर पोचल्यावरच्या खुणा आणखी साध्या. रानात काठ जवळ आला की उजेड बदलतो. आतापर्यंत तो वरून येत असतो, आता खोडांच्या मधून, कमरेच्या उंचीवरून येऊ लागतो. वारा आधी शेंड्यांत ऐकू येत होता, तो आता समोरून अंगावर येतो. कारवी बुटकी होते. पायाखाली पाल्याऐवजी कातळ लागतो. हे सगळं झालं की पाय थांबवा, पुढचं अंतर नीट बघून, एकेक पाऊल तपासत जा. ओलं गवत आणि घसारा यांनी झाकलेला काठ हा काठ वाटत नाही. ओहोळाच्या पात्रातून खाली गेलं की झाडीत फट मिळते हे खरं, पण त्या फटीच्या टोकाला बहुधा धबधब्याचं तोंड असतं. तिथे शेवाळ असतं. त्या वाटेने काठापर्यंत जाऊ नका.

आणि सर्वांत खात्रीचा मार्ग : पायथ्याच्या गावातल्या माणसाला सोबत घ्या, त्याचे पैसे द्या. गुरं घेऊन वर जाणाऱ्या पोराला दुपारी बसायचा दगड ठाऊक असतो. तो दगड सावलीत असतो, वाऱ्यावर असतो, आणि तिथून खालची गुरं दिसावी लागतात म्हणून मोकळ्यावर असतो. दृश्यबिंदूची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पर्यटन आराखड्यात सापडलेली नाही.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि आपल्याला तो द्यायचा नाही. एकाने फोटो टाकला की त्याच्याबरोबर खूण येते, खुणेबरोबर वाटेची फाइल येते, आणि पुढच्या शनिवारी दोनशे माणसं त्याच एका दगडावर रांगेत उभी. त्या दगडाभोवतीची माती निघते, मग आडवी येणारी एक फांदी कुणीतरी मोडतो, पुढच्या वर्षी दुसरी. हे कुणी खलनायक करत नाही. करणारी बहुतेक माझ्याच वयाची, माझ्यासारखीच नोकरी करणारी माणसं असतात, निसर्गप्रेमी म्हणवणारी. त्यांना डोंगर नको असतो, त्याचा निकाल हवा असतो. निकाल लगेच हवा असला की वाट ही अडचण होते आणि झाड हा अडथळा.

हा स्वभाव मोठा होऊन सरकारी कागदावर उतरला की काय होतं, ते आम्ही घराशेजारीच बघतोय. अंजनेरी नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर. पायथ्याकडून खिंडीतल्या पायऱ्यांनी वर गेलं की पहिली सपाटी, तिथे अंजनीमातेचं देऊळ आणि तळं. मग दुसरा कडा चढून माथा, तिथे पुन्हा देऊळ. जिन्यासारख्या डोंगराचं याहून सोपं उदाहरण नाही. उतारावर रान, कड्यांत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी, आणि सपाटीवर अशा वनस्पती ज्या इतरत्र मिळणं कठीण. इथल्या एका कंदीलपुष्पाच्या जातीचं शास्त्रीय वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि तिला नाव मिळालं ते या डोंगराचंच : सेरोपेजिया अंजनेरिका. २०१७ मध्ये हा भाग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. क्षेत्र किती, तर सहा चौरस किलोमीटरही नाही.

एवढ्याशा तुकड्यावर आधी गाडीरस्त्याचा प्रस्ताव आला. २०२१ च्या सुमारास त्याला विरोध झाला आणि तो मागे पडला. मग केंद्राच्या पर्वतमाला योजनेतून ब्रह्मगिरी ते अंजनेरी असा रोपवे पुढे आला, लांबी पावणेसहा किलोमीटरच्या आसपास. नाशिकच्या वनस्पती आणि पक्षी अभ्यासकांनी त्यालाही विरोध केला. आक्षेप साधे आहेत : गिधाडं ज्या हवेत तरंगतात तिथे तारा येणार, खांबांसाठी कातळ फुटणार, आणि वर ज्या सपाटीवर आज दमलेली शंभर माणसं पोचतात तिथे ताजीतवानी हजारो पोचणार. ती ताजीतवानी माणसं वर जाऊन काय म्हणतील, हे मी पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय. मग त्यांच्यासाठी आणखी काहीतरी बांधावं लागेल.

याला दिलं जाणारं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते हसण्यावारी न्यायचं नाही. म्हातारी माणसं, अपंग माणसं, गुडघे गेलेली आई. त्यांनी डोंगर बघायचाच नाही का? दृश्य हा पाय धडधाकट असलेल्यांचा मक्ता आहे का? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच सप्तशृंगगडावरच्या फ्युनिक्युलर ट्रॉलीला माझा आक्षेप नाही. तिथे आधीच गाव आहे, रस्ता आहे, शेकडो पायऱ्या आहेत, वर्षानुवर्षांची यात्रा आहे. ट्रॉली त्या पायऱ्यांच्या शेजारून जाते आणि म्हाताऱ्या बाईला देवीपर्यंत नेते. माथेरानला छोटी रेल्वे १९०७ पासून आहे आणि तरी वर मोटारींना बंदी आहे. म्हणजे ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी सोय करता येते, आणि ती रानाला न मारता करता येते. जिथे माणसाचा वावर आधीच मोठा आहे अशा जागा जिल्ह्यात कमी नाहीत. तिथल्या वाटा चाकाच्या खुर्चीला योग्य करा, बसायला बाकं करा, स्वच्छतागृहं करा. या गोष्टींसाठी कुणी निवेदन घेऊन उभं राहिलेलं दिसत नाही. गुडघे गेलेल्या आईची आठवण नेमकी सहा चौरस किलोमीटरच्या राखीव तुकड्यावर खांब रोवायचे असतात तेव्हाच कशी होते?

दुसरं उत्तर रोजगाराचं. त्यावर माझं म्हणणं उलट आहे. ज्या रानात दृश्य सहज सापडत नाही, तिथे वाटाड्या लागतो. वाटाड्याला जेवण लागतं, मुक्काम लागतो, हे पैसे पायथ्याच्या गावात राहतात. रोपवेच्या तिकिटाचा पैसा आधी खिडकीतून ठेकेदाराकडे जातो. अंजनेरी गावातला पोरगा त्या व्यवस्थेत काय होणार? गणवेश घातलेला रांग लावणारा. आज तो ज्ञान विकतो, उद्या तो शिट्टी वाजवेल.

तिसरं उत्तर मनोऱ्याचं : झाडांच्या वर जाणारा एक मनोरा बांधून टाका, झाडंही राहतील आणि दृश्यही मिळेल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत असे जुने मनोरे आहेत आणि लोक त्यावर चढतात. पण ते बांधले गेले वणवा दिसावा म्हणून. रान राखण्यासाठी जे बांधलं, त्याचा पुढे बघण्यासाठी उपयोग झाला. आपल्याकडे वणवे काही कमी लागत नाहीत. वनखात्याला राखणीसाठी मनोरा हवा असेल तर त्याने जरूर बांधावा, आणि आम्ही रांगेत उभं राहून वर जाऊ. सेल्फीसाठी मनोरा बांधायचा आणि राखणीला माणूस नाही म्हणायचं, हे मात्र चालणार नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच. प्रत्येक डोंगराने आपल्याला माथ्यावर क्षितिज दाखवलंच पाहिजे, हा हट्ट सोडा. काही माथे बघण्यासाठी असतात, काही फक्त रान धरून ठेवण्यासाठी. पावसाचं पाणी अडवणं, ते हळूहळू खाली सोडणं हे माथ्यावरच्या रानाचं काम आहे, आणि त्र्यंबकच्या डोंगरांतून निघणाऱ्या गोदावरीच्या काठावर राहणाऱ्यांना हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नसावी. दृश्य हवं असेल तर काठ शोधा, ऋतू बघा, माणसाला विचारा. एवढं करूनही नाही सापडलं तर तो दिवस रानात गेला असं समजा. आणि टपरीवर चहा घेताना कुणी विचारलं, वर काय आहे, तर सरळ उत्तर द्या : वर झाडं आहेत.